बावीसशे वेढे

मी ट्रान्सफॉर्मर बोलतोय. रस्त्यावरच्या खांबावर बसून गुरगुरतो तो नव्हे. तो आमच्यातला पहिलवान. मी दोन मुठींएवढा, अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या कडेला बसलेला. लोक समोरचे नारिंगी उजळलेले व्हॉल्व्ह बघत राहतात. ते बघण्यासारखे असतातच. माझ्याकडे बघण्यासारखं काही नाही.

मला दादाने घडवलं. जळलेल्या मोटरी आणि पंखे नव्याने गुंडाळून द्यायचे, हा त्याचा धंदा. एकदा बंद पडलेल्या एका स्टुडिओतून त्याने दोन स्पीकर आणले. कंबरेइतके उंच, एकट्याने उचलणार नाहीत असे. दुसरी बाजू धरून जिना चढताना त्याच्या धाकट्या भावाचा जीव निघाला.

"दादा, हे स्पीकर आहेत की कपाटं? तुझे ते दिवे यांच्यापुढे काय गाणार?"

"दिवे नाहीत रे, व्हॉल्व्ह. त्यांना दाब भरपूर देता येतो, प्रवाह नाही. आणि या साहेबांना प्रवाह पाहिजे, तोही ओंजळी भरभरून. दोघांचं जुळवून देणारा कुणीतरी मधे लागतो."

"मग तो कुठून आणायचा?"

"आणायचा कशाला? घरी करू."

तो मी. केसासारख्या तांब्याच्या तारेचे बावीसशे वेढे, त्यावर जाड तारेचे थोडे. तार गुंडाळायच्या मशीनचा आकडे दाखवणारा भाग कधीच मोडला होता, म्हणून दादा तोंडाने मोजायचा. धाकट्याने मधेच काही विचारलं, की दादा नुसतं बोट वर करायचा, आणि धाकटा जीभ चावायचा. जन्मल्यावर मी पहिल्यांदा ऐकलं ते त्याचं पुटपुटणं. मला वाटलं, जग म्हणजे आकडेच असणार.

मग एका दुपारी माझ्यातून पहिला सूर गेला. कसं सांगू? झोपेत कुणीतरी हलकेच पांघरूण सरकवावं, आणि जाग न येता नुसतं कळावं, तसं. डावा स्पीकर गाऊ लागला. वहिनी ओले हात पुसत दारात आल्या.

"अहो, एवढ्या धुडातून एवढा हळू आवाज?"

"हळू नाही. नीट ऐक. जवळचा आहे."

स्पीकर दोन, म्हणून मला जुळा भाऊ हवा होता. दादाने तो गुंडाळायला घेतला. एके दिवशी अर्ध्यावर तार दोऱ्याने बांधली, म्हणाला, "जेवून येतो." जेवला, जरा आडवा झाला, आणि उठलाच नाही.

त्यानंतर किती दिवस गेले, मला ठाऊक नाही. वीज नसली की आम्हाला दिवस नसतात.

मला पुन्हा जाग आली ती भाजून. धाकट्याला उजवा स्पीकर मुका बघवेना, आणि त्याने दोन्ही स्पीकर माझ्या एकट्याच्या गळ्यात बांधले होते. आवाज चिखलासारखा झाला. त्याने तो आणखी वाढवला. माझ्या तारेवरचं वार्निश उकळायला लागलं. वहिनी धावत आल्या आणि त्यांनी उजव्या स्पीकरची वायरच उपटली.

"जाळता की काय, भाऊजी? एकाला एकच, असं ते सांगायचे ना?"

"मग दुसरा करणार कोण?"

"अर्धा झालाय की."

"अर्धा म्हणजे किती? ते फक्त त्याच्या डोक्यात होतं! मोजायचं तर सगळं उलगडावं लागेल. त्याच्या हातचे वेढे आहेत ते, वहिनी. मी नाही उलगडणार!"

वहिनींनी उपटलेली वायर गुंडाळून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "ठीक आहे. मग उजवा विकून टाका. पण त्यांनी जोडी आणली होती."

धाकटा दार आपटून गेला. जिना उतरून पुन्हा चढल्याचा आवाज आला. आत येऊन बसला, दोऱ्याची गाठ सोडली आणि तारेचं टोक एका रिकाम्या रिळाला लावलं.

दादाची तार उलटी निघू लागली. खिडकीतल्या उन्हात ती चमकत होती, जणू कुणी पाण्यातून बोट फिरवत चाललंय. धाकटा मोजत होता. डोळे गळत होते, ते पुसायला तो थांबला नाही. थांबला असता तर आकडा चुकला असता. वहिनी समोर बसून होत्या. कुणी काही विचारलं नाही.

शेवटचा वेढा सुटला तेव्हा तो म्हणाला, "तेराशे शहाऐंशी. दादा इथपर्यंत आला होता."

मग तीच तार त्याने परत चढवली, आणि पुढचे आठशे चौदा आपले घातले. कुठे घट्ट, कुठे सैल. माझा जुळा माझ्याहून थोडा फुगीर झाला.

हल्ली संध्याकाळी आम्ही दोघे तापतो. उजवा स्पीकर डाव्याहून किंचित हळू वाजतो; कान असलेल्याला कळतं. धाकट्याला पहिल्याच दिवशी कळलं.

"चुकलंच माझं. परत उलगडतो."

"हात लावून बघा फक्त!" वहिनी म्हणाल्या, आणि ऐकायची खुर्ची त्यांनी वीतभर उजवीकडे सरकवली.

तुम्ही कधी आमच्याकडे आलात तर बसा, ऐका. फक्त एक करा. खुर्ची मधोमध नाही म्हणून ती सरळ करू नका.