मिठाने खाल्लेल्या अकरा ओळी

समुद्राकाठच्या गुअब्बा गावात मेंढीची लोकर कातरत नाहीत, उपटतात. मेंढी ओरडते, पण मरत नाही.

शहाणपणाचा देव एन्की एकदा जवाची दारू पिऊन झिंगला, तेव्हा देवी इनान्नाने जगातले सगळे अधिकार होडीत भरले आणि आपल्या गावी नेले. सकाळी त्याला आठवेना, आपण ते दिले की चोरीला गेले.

समुद्राकडून वारा आला की भिंतींना घाम फुटतो. घाम वाळला की मीठ उरते.

शोकाच्या ढोलाला काळ्या बैलाचे कातडे लागते. तांबड्याचे चालत नाही.

गिर्सूचे लेखनिक फार इमानदार.

*

गुअब्बाच्या विणकामशाळेची मागची भिंत म्हणजे देवी निन्मारच्या घराचीच भिंत. अलीकडे सदतीस बायका माग लावून बसत, पलीकडे देवी. हिवाळ्यातल्या पावसापासून ह्या भिंतीला पोट आले होते. रोज सकाळी निनकल्ला तिच्याकडे बघे, जसे दिवस भरलेल्या बाईकडे बघतात: आज, की उद्या? भिंतीला सगळ्यांत जवळचा माग तिच्या मुलीचा, निनहेदूचा होता.

निनकल्ला शाळेतली सगळ्यांत जुनी विणकरीण. शिवाय गावात कुणी गेले की पहिले बोलावणे तिला येई, रडायला. ती हेल काढून रडू लागली की दगडालाही पाझर फुटतो, असे लोक म्हणत. ती म्हणे, "दगड सोपा असतो. सुनांना रडवणं अवघड."

भिंत पाडायला हवी हे शेंबड्या पोरालाही कळत होते. मुकादम उरमेसने पहारी आणि दोर आणून ठेवले होते. पण देवीच्या घराची वीट अशी उठून हलवता येत नाही. फार पूर्वी देवराज एन्लिलच्या सभेने गुअब्बा बुडवायचे ठरवले होते आणि निन्मारला आपल्या घरातून पाखरासारखे उडून जावे लागले होते. पहारीचा आवाज ऐकून तिला वाटणार, आले पुन्हा. ती निघून गेली, तर नवी भिंत बांधून त्या भिंतीमागे ठेवायचे कोणाला? म्हणून पहिल्या विटेआधी शोकगायकाने तिच्यासमोर तो जुना शोक गायचा, तिच्याच तोंडच्या शब्दांत, बायकांच्या बोलीत. देवी रडून मोकळी होते. मग खुशाल भिंत पाडा.

शोकगायक होता लुसागा. चार पोरांचा बाप, गाल गुळगुळीत, आवाज बारीक. शोकाची मातीची पाटी त्याच्याकडे होती, पण चाळीस वर्षांत देवीची एकही भिंत पाडली गेली नव्हती, त्यामुळे चाळीस वर्षांत ती पाटी कुणी टोपलीतून काढली नव्हती. आता काढली, तर मधल्या अकरा ओळी मिठाने खाल्लेल्या. त्याच्या बापाला त्या तोंडपाठ होत्या. बाप तापाने गेला तेव्हा लुसागा अजून ढोल धरायला शिकत होता.

अर्धा शोक गाऊन थांबणे म्हणजे गाढ झोपलेल्याला हलवून उठवायचे आणि का उठवले ते सांगायचे नाही. लुसागाने गिर्सूला निरोप धाडला: तुमच्या पाटीघरात आमच्या शोकाची नक्कल आहे, ती पाठवा. तोवर भिंतीला कुणी बोट लावायचे नाही.

*

"आई, ही आणखी पुढे आली. काल माझं कोपर लागत नव्हतं."

"मग कोपर आत घे."

"मुकादम, माग तरी हलवा की!"

"कुठे हलवू? तुझ्या सासरी?" उरमेस दारातूनच ओरडला. आत यायचे तो हल्ली टाळत असे. "ताणा सोडून परत लावायला वीस दिवस जातात. राजवाड्याची वस्त्रं मग कोण विणणार, तुझा बाप?"

"तो मेलाय. आणि त्याच्या वेळी आईने फुकट रडून दिलं, अजून बोलून दाखवते."

सगळी शाळा हसली. हसण्याने भिंतीवरून थोडी माती सांडली, तशा सगळ्या गप्प झाल्या.

"मी म्हणते," पलीकडच्या मागावरून एकजण म्हणाली, "निन्मारने स्वतःच सांगावं ना, पाडा म्हणून. नान्शेची लेक ती. तिची आई स्वप्नात येऊन सगळं सांगते म्हणतात."

"देवी स्वप्नात बाप्यांच्याच येते," निनकल्ला धोटा सरकवत म्हणाली. "आपण कुठे एवढं झोपतो?"

*

नवव्या दिवशी गिर्सूहून होडी आली. लुसागाने अंगणात, सगळ्यांसमोर, ओल्या फडक्यातून पाटी सोडवली. त्याच्या चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद होता. तो गाऊनच वाचू लागला:

मी बापाच्या दारी गेले, पदर पसरला.
बाप म्हणाला, सभेत ठरले ते ठरले.
मी एन्लिलच्या दारी गेले, पदर पसरला.
एन्लिल म्हणाला, सभेत ठरले ते ठरले.
तुटलेले.
तुटलेले.
तुटलेले.

तो थांबला. बोट खाली सरकत गेले.

"हे देवी म्हणते?" निनहेदूने विचारले.

"नाही," लुसागा म्हणाला. "हे लिहिणारा म्हणतोय."

गिर्सूची नक्कल चाळीस वर्षांपूर्वी ह्याच पाटीवरून उतरवलेली होती, मीठ लागल्यानंतर. इमानदार लेखनिकाला जिथे अक्षर दिसत नाही तिथे तो मनाचे काही घालत नाही, 'तुटलेले' असे लिहितो. ह्याने ते अकरा वेळा लिहिले होते, सुबक, एकाखाली एक.

उरमेसने कपाळावर हात मारला. "मग हेच गा, बुवा! तुटलेले, तुटलेले. चाल तर बरी लागतेय."

"तिचंच घर पाडायचं आणि तिलाच फसवायचं?" लुसागा म्हणाला.

उरमेस उत्तर देणार होता, पण तेवढ्यात आतून धप्प आवाज आला. सगळ्या आत धावल्या. निनहेदूच्या मागावर, ती सकाळभर बसली होती नेमकी तिथे, डोक्याएवढे ढेकूळ पडले होते. ताण्याचे दोरे तुटून कुरळे झाले होते.

निनकल्लाने ढेकूळ उचलले, बाहेर नेऊन टाकले, हात झटकले आणि सरळ लुसागाच्या घरची वाट धरली.

*

लुसागा दोन्ही पाट्या शेजारी ठेवून बसला होता. आत त्याची बायको कांदे चिरत होती.

"त्या जागेच्या आधी काय आहे ते ऐकलं," निनकल्ला उंबऱ्यावर टेकत म्हणाली. "नंतर काय आहे?"

"नंतर रडते, मावशी. 'माझ्या डोळ्यांचे दोन पाट झाले.' मग घराबाहेर पाखरासारखी बसते."

"म्हणजे 'नाही' ऐकल्यानंतर आणि रडायच्या आधी. एवढीच जागा आहे."

"हो."

"मग त्यात शोधायचं काय? तिथे ती भांडते."

लुसागाने मान वर केली.

"हे बघ. मयताच्या घरी आधी नाव घेऊन हाक मारायची. मग त्याच्या वस्तू सांगायच्या: तुझी फणी, तुझा वाडगा, तुझ्या चपला. मग झापायचं. मला टाकून जाताना लाज नाही वाटली? आता पाणी कोण भरणार? आणि मग रडायचं. झापल्याशिवाय आणलेलं रडू नाकातून येतं, छातीतून येत नाही. मेलेल्यालासुद्धा ते कळतं. देवीला कळणार नाही?"

"नवऱ्याला झापणं निराळं. हा एन्लिल आहे, मावशी. सभेत त्याचा शब्द शेवटचा."

"महापुरानंतरची गोष्ट तुझ्याच पाट्यांवर आहे ना रे? ह्याच एन्लिलने माणसं बुडवली. बाकीचे देव माना खाली घालून बसले. तेव्हा बोललं कोण?"

"आई. माणसं मातीतून वळणारी."

"काय म्हणाली?"

"म्हणाली... नैवेद्याला सगळ्यांनी यावं. एन्लिलने येऊ नये."

"भर पंक्तीतून उठवलं त्याला! आणि त्याने काय केलं?"

"काही नाही केलं."

"काही नाही केलं." निनकल्लाने ते शब्द चाखून बघितल्यासारखे म्हटले. "भावाच्या वाटणीचं अर्धं वर्ष पाताळात जाऊन कोण राहतं? गेश्तिनान्ना. बहीण. ताकदीचे देव काय कमी होते? नड आली की सगळे बाईकडे बघतात, आणि नड सरली की तिला सभेच्या कोपऱ्यात बसवतात. तुझ्या अकरा ओळींत ती कोपऱ्यातून उठलीय. दुसरं काही नाही."

"पण शब्द? शब्द काय घालू?"

"शब्द तिथे उभं राहिल्यावर येतात."

"ह्यांना नाही यायचे," आतून बायको म्हणाली. "बारा वर्षांत मला कधी उलटून बोलले नाहीत."

"म्हणूनच टिकलाय," निनकल्ला म्हणाली आणि उठली. दारात वळून मात्र तिचा आवाज उतरला. "उद्या सकाळी गा, लुसागा. परवापर्यंत ती भिंत थांबायची नाही, आणि माझी पोर तिच्याखाली बसते."

*

उन्हे वर यायच्या आत ढोल वाजला. देवीच्या दाराशी अंगणात लुसागा उभा होता, मागे ओळीने सदतीस बायका, उरमेस हातात पहार धरून भिंतीपाशी. पडद्याआड निन्मार.

लुसागा चांगला गायला. गाव कसे होते ते गायला, मासळीने भरलेल्या टोपल्या, पाखरांनी भरलेली वेताची बने. सभा बसली ते गायला. बापाचे दार, एन्लिलचे दार. 'ठरले ते ठरले.'

आणि थांबला.

त्याने तोंड उघडले. मिटले. ढोलावरचा हात हवेत राहिला. त्याच्या मनात शब्द नव्हते असे नाही. रात्रभर त्याने ते जुळवले होते, पण ते सगळे विनवणीचे होते, पायाशी बसलेले, आणि आता देवीसमोर त्यांची त्यालाच शरम वाटू लागली. भिंतीतून माती झरल्याचा बारीक आवाज येत होता. निनकल्लाला तो ऐकू आला. निनहेदूलाही आला, कारण तिने आईचा दंड धरला.

निनकल्लाने तो हात सोडवला आणि पुढे आली. तिने हेल काढला नाही. विहिरीवर शेजारणीशी बोलावे तशी बोलली.

"एन्लिल! ठरलं म्हणजे? कुणी ठरवलं?

ह्या विटा तू थापल्यास? चिखलात गवत तू तुडवलंस?

सभेला बसलास तेव्हा अंगावर कापड होतं ना? कुणी विणलं ते?"

"सांग बाई, सांग," मागून एक आवाज आला. मग दहा. मग सगळ्या.

"माझ्या पोरींनी विणलं. त्यांच्यावर पाणी सोडतोस आणि पुढच्या वर्षी नवं कापड मागतोस?

माझी चूल इथे आहे. माझा रांजण इथे. माझी फणी कोनाड्यात आहे.

पाखरासारखी उड म्हणतोस. अंडी काय तू उबवणार?"

"सांग बाई, सांग!"

"दोनदा पदर पसरला मी. तुला ती चिंधी वाटली.

नीट बघ. पदर आहे हा.

आता खोचला."

आणि तिने खरोखरच खोचला. मागे सदतीस, नाही, छत्तीस पदर खोचल्याची सळसळ झाली. उरमेस पहारीला धरून मागे सरला, जणू एन्लिलऐवजी आता त्याचीच पाळी.

मग लुसागाचा आवाज आला. 'माझ्या डोळ्यांचे दोन पाट झाले.' गुअब्बातल्या लोकांनी हा आवाज पूर्वी ऐकलेला नव्हता. तो नाकातून येत नव्हता. त्या बारीक आवाजाच्या मागे कुणीतरी मोठे, दमलेले, न हरलेले उभे होते, आणि निनकल्ला, जिने गावातले प्रत्येक मयत रडून काढले होते, ती प्रथमच दुसऱ्याचे रडणे ऐकत नुसती उभी राहिली. बाई, काय तुझी छाती, तिच्या मनात आले. हे ती लुसागाला म्हणत नव्हती.

शोक संपला. उरमेसने पहिली वीट काढली, तिला तेल लावले, फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली. सगळ्यांनी वाट पाहिली. पडद्यामागून कुणी निघून गेल्यासारखे काही झाले नाही. उरमेसने कान देऊन ऐकले, मग म्हणाला, "आहे. आहे आत. ओढा आता."

दोर लागले. दुपारपर्यंत अर्धी भिंत उतरवली आणि उरलेली अर्धी आपण होऊन बसली, दमलेली बाई बसते तशी, एकदम. धुळीत काही दिसेना. धूळ खाली आल्यावर दिसले की दोन माग चेचले गेले होते. एक निनहेदूचा. निनहेदू अंगणात खोकत उभी होती आणि उरमेसला विचारत होती, "आता तरी हलवणार का माग?"

*

चार दिवसांनी लुसागा ओली माती घेऊन निनकल्लाकडे आला. नवी पाटी करायची होती.

"त्या अकरा ओळींच्या जागी बोललीस ते परत सांग, मावशी."

तिने सांगितले. त्याने दोन ओळी कोरल्या आणि थांबला. "परवा असं नव्हतं. परवा रांजण होता, आता जातं आलं."

"परवा भिंत उभी होती."

"मग खरं कुठलं लिहू?"

निनकल्ला नव्या मागाचा ताणा लावत होती. "पुढच्या वेळी भिंत पाडतील तेव्हा तिथे कोणी उभी असेल," ती म्हणाली. "तिच्या घरात काय आहे, मला काय ठाऊक?"

लुसागाने त्या दोन ओळी अंगठ्याने पुसल्या. मग चांगल्या, ताज्या, कुठेही चीर नसलेल्या मातीवर त्याने अकरा वेळा लिहिले: तुटलेले. तिथून पुढे देवीचे रडणे पूर्ण उतरवले आणि पाटी उन्हात ठेवली.

आदल्या वर्षी भिंतीला पहिली चीर गेली ती निनकल्लाच्या मागाच्या पाठीशी, आणि वीस दिवसांचा ताणा सोडावा लागू नये म्हणून तिने मुकादमाला न सांगता तिच्यात लोकरीचा बोळा कोंबून ठेवला होता.