लाल पाण्याचे पाच रांजण

चूक दस्तगीर मास्तरांची होती, आणि ती दमलेल्या माणसाची चूक होती.

हिंगोलीच्या मदरशातली, म्हणजे सरकारी शाळेतली, आठ पोरं घेऊन ते आदल्या दिवशी चालत नरसीला आले होते. अंगात खाकी, गळ्यात रुमाल, हातात स्काउटची लाठी, पाठीवर वळकट्या. दरवर्षी एकादशीच्या जत्रेत पथकाची कामं ठरलेली. दोघांनी नदीच्या काठाकाठानं फिरायचं आणि वाळूत उकरलेल्या झिऱ्यांचं पाणी कुणी प्यायला लागलं तर हात जोडून अडवायचं. दोघांनी चुकलेली लेकरं खांद्यावर घेऊन माय सापडेपर्यंत हिंडायचं. दोघं राहुट्यांजवळ, आणि दोघं मंजुळाबाईच्या पाणपोईवर.

पाणपोई म्हणजे लिंबाखाली मांडलेले पाच रांजण. साखऱ्याहून बैलगाडीत पेंढ्यावर निजवून मंजुळाबाई ते आणायची. संध्याकाळी पोरं आडाचं पाणी शेंदून रांजण भरायची, आणि लगेच त्यात लाल दवाई पडायची. पटकीचा रोग त्या दवाईनं मरतो. रात्रभरात पाण्याचा लाल रंग विरून जातो, सकाळी पाणी नितळ. दोन जत्रा हे असंच चाललं होतं आणि पिणाऱ्याला कळलंसुद्धा नव्हतं.

काल मात्र पाचवा रांजण भरता भरता पेमा पोहऱ्याच्या दोराला धरूनच पेंगायला लागला. बाकीची पोरं वळकट्या न सोडताच त्यांच्यावर पडली. तळव्यांना फोड, ओठांना साल. गोपीचंद तेवढा दवाईची डबी मागायला आला, तोही डोळे मिटूनच.

"निज बाबा," मास्तर म्हणाले. "पहाटं टाकू."

स्वतः टाकली असती तर? चमचाभर दवाई, पाच रांजण, काम ते किती. पण मास्तरांचा हात त्या रांजणांना लागत नसे. कुणी पाटी लावली नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं. जत्रेतल्या माणसांनी पाणी प्यावं म्हणून मुसलमान मास्तर चार पावलं लांब उभे राहत आणि तिथून पोरांना सांगत. तसेच ते कालही चार पावलांवर बसले, आणि बसल्या जागी त्यांचाही डोळा लागला.

पहाटे गोपीचंदनं दवाई टाकली. दिवस वर आला तेव्हा पाचही रांजण पळसाच्या फुलांचा काढा करावा तसे लालगुलाबी झाले होते.

आठवडाभर पावसानं उघडीप दिली होती. ऊन चटकत होतं, माणसं तहानलेली येत होती. पुसेगावची बेबीबाई, डोक्यावर बोचकं, मागं चार सुना, सगळ्यांत आधी पुढं झाली. गोपीचंदनं ओगराळं वर धरलं. धार लाल पडली तशी बाईनं ओंजळ झटकली.

"अगं बया! पाणी हाय का रंगपंचमी?"

"दवाई हाय, मावशी. पटकी होत न्हाई यानं."

"मला कुठं पटकी झाली रे मुडद्या? झाल्यावर दे की!"

सुना हसल्या. मागून एक पागोटंवाला वाकून रांजणात बघून गेला. "मास्तर, पान खाऊन गुळणी टाकली का काय?"

"त्यांनी हात घातला असंल आत," कुणीतरी हळू बोललं. हळू, पण ऐकू जाईल इतपत.

मास्तर ऐकून न ऐकल्यासारखे उभे राहिले. उत्तर द्यायचं तर अंगात जोर लागतो. आणि माणसं नदीकडं वळून राहिली होती, हे त्यांना जास्त टोचत होतं. सेनगावाकडच्या एका वस्तीत दोन घरी जुलाब-उलट्या चालू झाल्याचं त्यांनी वाटेतच ऐकलं होतं.

मंजुळाबाई रांजणांमागं बसली होती. पन्नाशीची, हडकुळी, ओठ कोरडे पडलेले. काल रात्रीपासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तिचा नेम तसा होता. एकादशीला पाच रांजण वाटसरांनी प्यायचे, दिवस मावळायच्या आत रिते व्हायचे, आणि शेवटचा रांजण रिता झाल्यावर तिनं पहिला घोट घ्यायचा. तीन जत्रांचा नेम. यंदा शेवटची. नेम लेकराच्या नावाचा होता. माणिकच्या.

माणिक याच पथकातला. तीन सालांमागं याच जत्रेत दिवसभर चुकलेली लेकरं खांद्यावर वाहून दमला, आणि झिऱ्यात तोंड घालून पाणी प्याला. तेव्हा दवाई नव्हती, काठावर अडवायला कुणी नव्हतं. घरी पोचला तो पटकी घेऊनच.

दुपार चढत आली तरी पहिला रांजण बोटभरसुद्धा खाली गेला नाही. मंजुळाबाई उठली, मास्तरांसमोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, हे पाणी उपसा. साधं भरा."

"न्हाई बाई. तसं करता येणार न्हाई."

"काहून न्हाई? लोक माझ्या दारातून पाठ फिरवून जाऊन राहिले. माझ्या लेकराच्या नावाचं पाणी थुंकून राहिले."

"संध्याकाळी टाकायला पाहिजे होती. म्या पोरांना निजू दिलं. कसूर माझा हाय."

"मग भोगून राहिलंय कोण? म्या!"

मास्तरांनी मान खाली घातली. लिंबाची सावली पायाशी आली होती. रात्रीच्या त्या बसल्या झोपेनं पाठ अजून ठणकत होती.

"बिनदवाईचं पाणी म्या कोणाला देणार न्हाई," ते म्हणाले. "एकदा दिलं. ते पोरगं तुमचं होतं."

मंजुळाबाई मटकन खाली बसली. मातीकडं बघत बोलली.

"तुमी दिलं न्हाई. त्यानं घेतलं. आन् म्या... म्या दिलं न्हाई, मास्तर. रात्रभर मागत होता. 'माय, घोटभर. माय, ओठाला तरी लाव.' सगळे म्हणले, पटकीच्या माणसाला पाणी द्यायचं न्हाई, दिलं की मरतं. म्या गडवा पदराखाली झाकून बसले. त्याची नदर त्या पदराकडं. पहाटं गेला तसाच, कोरडा." तिनं रांजणांकडं हात केला. "हे रिते झाले न्हाईत तर तो तिकडं तसाच ऱ्हाईल. कोरडा."

पाणपोईवरची दोन्ही पोरं ऐकत होती. पेमानं गळ्यातली शिट्टी उगाच मुठीत धरली. गोपीचंदचे डोळे भरले होते. पहाटे दवाईचा चमचा त्याच्याच हातानं फिरला होता.

मास्तर खाली बसले. चार पावलांवरच. "बाई, आता दवाखान्यात पटकीच्या माणसाला पाणीच देतात. मिठाचं. सुईनं नसंतून देतात."

"आता सांगता?"

"मलाबी मागून कळलं."

ती हसली की काय कोण जाणे, तोंड वाकडं झालं एवढं खरं. काठावरच्या जोडीतला नासेर धावत आला, दम खात. "मास्तर, माणसं ऐकून न्हाई राहिली. झिऱ्यावर गर्दी झाली. लेकरंबी पिऊन राहिली. म्या पाया पडलो एकीच्या, तर म्हणती, वर रंग पाजता आन् खाली पाणी पिऊ देत न्हाई, जावं कुठं?"

"किती लेकरं?" हे मंजुळाबाईनं विचारलं.

"लई. एक तर एवढंसं," त्यानं गुडघ्याशी हात धरला.

मंजुळाबाई उठली. पदर खोचला. गोपीचंदच्या हातातलं ओगराळं घेतलं, रांजणात बुडवलं, आणि वाटेच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"बाई, नेम..." मास्तर उठत म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या."

येणारीजाणारी थबकली. तिला सगळी वाट ओळखत होती. रिते रांजण बघितल्याशिवाय ही बाई ओठ ओले करत नाही, हे दोन जत्रा लोकांनी बघितलं होतं. तिनं ओगराळं वर धरलं, मान मागं टाकली, आणि ते लाल पाणी घटाघटा प्याली. हनुवटीवरून ओघळ गेला, चोळीवर गुलाबी डाग पडला. कडवट चवीनं डोळे मिटले तिनं, पण थांबली नाही. मग तोंड पुसलं आणि जात्यावर बसल्यासारखा आवाज काढला. आवाज फाटका होता.

*पाणी लालंलाल, जशी पळसाची फुलं,*
*पी रे वाटसरा, मागं वाट बघतील मुलं.*

कुणी हललं नाही. तिनं पुन्हा ओगराळं भरलं.

*कडू घोट एक, गोड मानून घ्या बाई,*
*माझ्या माणिकाची तहान भागली न्हाई.*

बेबीबाई तिथंच पलीकडं सावलीला टेकली होती. ती उठून आली, बोचकं सुनेच्या डोक्यावर ठेवलं. "आण गं. तुझं लेकरू ते माझं लेकरू." एक ओंजळ प्याली, तोंड कसंनुसं केलं. "आई आई गं, लिंबाचा पाला बरा!" पण दुसऱ्यांदा ओंजळ धरली, आणि सुनांवर ओरडली, "बघता काय भवान्यांनो? या!"

मग माणसं येऊ लागली. सगळी नाही. कितीक तसेच नदीकडं गेले. पागोटंवाला नाक दाबून प्याला. लेकरांना आया धरून धरून पाजत होत्या. मास्तरांनी पोरांना सांगितलं, काठ सोडा, माणसं इकडं वळवा. पेमा शिट्टी वाजवत फिरला, शेवटी येऊन म्हणाला, "मास्तर, शिट्टीत बी फुंक न्हाई उरली."

"माझी घे," मास्तरांनी आपली काढून दिली.

"फुंक माझ्यात न्हाई म्हणतो मी!"

दिवस कलला. गर्दी देवळाकडून राहुट्यांकडं, राहुट्यांकडून गाड्यांकडं सरली. वाटेवर धूळ आणि चुरगळलेली फुलं राहिली. चार रांजण रिते झाले होते. पाचव्यात वीतभर पाणी होतं. मंजुळाबाईचा आवाज केव्हाच बसला होता. ती आता गात नव्हती, नुसती रांजणाच्या काठाला धरून वाटेकडं बघत होती. वाटेनं कुणी येत नव्हतं.

आठही पोरं येऊन रांगेत बसली. न सांगता. गोपीचंदनं एकेकाच्या ओंजळीत पाणी घातलं. नासेरची पाळी आली तेव्हा त्यानं मास्तरांकडं बघितलं, मग मंजुळाबाईकडं. "धर की ओंजळ," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. पोरं पोट फुगेपर्यंत प्याली. पेमा उताणा पडून म्हणाला, "आता मला उचलून न्या."

तरी तळाला पाणी राहिलंच. डोंगराच्या कडेला दिवस टेकला होता.

मंजुळाबाईनं रांजण कलता केला, उरलेलं ओगराळ्यात घेतलं. मग चार पावलं चालून आली.

"मास्तर, ओंजळ धरा."

मास्तर तिच्याकडं बघत राहिले. तीन जत्रांत या लिंबाखाली त्यांनी पाणी मागितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. ते वाकले. दोन्ही हात जुळवून तोंडाशी नेले. धार पडली. पाणी गरम होतं, गंजलेल्या लोखंडासारखं लागत होतं.

"कडू हाय?"

त्यांनी पीत पीत मान डोलावली.

"नेम तर मोडला," ती म्हणाली. "पोचलं असंल का त्याला?"

ओगराळ्यात अजून थोडं होतं. त्यांनी ओंजळ काढली नाही.