नोलीनचा लघुग्रह

आयव्हरने वही उघडली आणि बेव्हनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपटली.

“वाच.”

बेव्हनने चष्मा शोधला. अक्षर नोलीनचं होतं, आयव्हरच्या बायकोचं. ती वारून पाच महिने झाले होते. बेव्हनने शोधलेल्या एका लघुग्रहाला गेल्याच आठवड्यात तिचं नाव मिळालं होतं आणि रॅनफर्ली गावच्या खगोल क्लबात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

“तारीख बघ. नऊ वर्षांपूर्वीची. तू शोध कळवायच्या दोन दिवस आधी तिने तो लघुग्रह पाहिला होता.”

बेव्हन खुर्चीत बसला.

“हो,” तो म्हणाला. “आकाशाचे फोटो मी काढायचो, ती तपासायची. तिने खूण करून ठेवली होती. मग ती बहिणीकडे टिमारूला गेली. मला धीर निघेना. दुसऱ्या कुणी आधी कळवलं असतं तर?”

“फोन नव्हता तुझ्याकडे?”

“होता.”

“आणि मी तुझी पाठ थोपटली. सगळ्यांसमोर!”

“सांगणार होतो रे. मग म्हटलं, निदान नाव तरी तिचं देऊ.”

“उपकार केलेस. आता नावं देणाऱ्या समितीला पत्र लिही. शोध तिचा होता म्हणून.”

“लिहितो. पण ऐक. स्वतः शोधलेल्या लघुग्रहाला स्वतःचं नाव देता येत नाही. शोध तिचा म्हटला तर नाव ठेवतील की काढतील, मला खरंच ठाऊक नाही.”

आयव्हरने कोटाची बटणं लावली, पुन्हा काढली. शोध आणि नाव, दोन्ही तिचंच होतं, आणि दोन्ही एकदम मागायची सोय नव्हती.

बेव्हनने पान उलटलं आणि तो थांबला.

“हे वाचलंस?”

“नाही. तिचं अक्षर फार वेळ बघवत नाही मला.”

बेव्हनने वही त्याच्याकडे सरकवली. वर थोड्याच ओळी होत्या.

‘नवाच निघाला. बेव्हनचं नाव द्यायचं ठरवलं होतं. गाढवाने आधीच कळवून टाकला. किती खूश आहे! राहू दे.’

आयव्हरने त्या दोनदा वाचल्या. शेवटच्या दोन शब्दांवर त्याने बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

बेव्हनने कागद काढला, पेन उघडलं.

“लिहू की नको? तू सांगशील तसं.”

“मला काय विचारतोस? असलं काही आलं की मी तिला विचारायचो.”

“मीपण,” बेव्हन म्हणाला.