अनोळखी पत्त्यावरून

निघाला : ११.१०
पोचला : नाही

रक्तपेढीच्या भिंतीवरचं यंत्र म्हणत होतं, निरोप पाठवला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापुरातल्या नियंत्रण कक्षात बसलेला उदयसिंह फोनवर म्हणत होता, काही आलं नाही. नेटवर्कची कामं करणारी मैंदर्गीची सिद्धेश्वरी मांडीवर लॅपटॉप घेऊन दोघांच्या मधे अडकली होती.

नऊ दिवसांपूर्वी प्लाझ्माच्या फ्रीझरची मोटार बंद पडली. अशा वेळी यंत्रानं कक्षाला कळवायचं आणि कक्षानं तंत्रज्ञ जोतिरामला घरून बोलवून घ्यायचं, अशी रीत. कक्षाला कळलंच नाही. रक्तपेढीतल्या मदतनीस वच्छलाबाईंची नजर तापमानाच्या आकड्यावर पडली म्हणून प्लाझ्माच्या पिशव्या वाचल्या. तेव्हापासून रात्री जोतिराम आणि दिवसा वच्छलाबाई, असा पहारा.

आणि आज सकाळी कुर्डुवाडीला वच्छलाबाईंच्या लेकीच्या, अंकिताच्या पोटात कळा सुरू झालेल्या. पहिलं बाळंतपण. गाडी तीनला.

निघाला : १२.२५
पोचला : नाही

वायर बदलून झाली. चाचणीचा सुटा सेन्सर वच्छलाबाईंनी मुठीत धरून तापवला. यंत्रानं इमानानं निरोप धाडला. उदयसिंहानं जरा आंबट सुरात पुन्हा नाही म्हटलं, वर मशीनच बदला असंही सुचवलं. नवं यायला पंधरा दिवस.

"पोरी, तुजं मशीन माज्या मालकासारकं हाय की," वच्छलाबाई म्हणाल्या. "सांगितलं म्हनतंय, आन् ऐकलेला मानूस कुटंच घावत न्हाय."

सिद्धेश्वरीला हसू आलं, पण घड्याळाकडं बघून ते विरलं.

निघाला : तीनदा
पोचला : तिसऱ्यांदा

हा निरोप यंत्राचा नव्हता. वच्छलाबाईंचा फोन वाजला, त्यांनी अनोळखी नंबर बघून कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. बक्षीस लागलं म्हणणारे लई छळतात, असं काहीतरी पुटपुटल्या. तिसऱ्यांदा उचलला, तर पलीकडं अंकिता. स्वतःचा फोन बंद पडला म्हणून नर्सबाईंच्या फोनवरून लावत होती. दाखल करून घेतलंय, संध्याकाळपर्यंत होईल म्हणाली. आई, तू येतीस ना?

सिद्धेश्वरीचे हात कीबोर्डवरच थांबले.

तिनं उदयसिंहाला विचारलं, अनोळखी पत्त्यावरून आलेल्या निरोपांचं तुम्ही काय करता? तो म्हणाला, वाचतसुद्धा नाही, कचऱ्यात जातात, नियमच आहे तसा. मग तो कचरा उघडा, ती म्हणाली.

पलीकडं बटणांचा आवाज.

"त्रेचाळीस," उदयसिंह म्हणाला. "सगळे तुमच्या यंत्राचेच दिसतायत, मॅडम. पण पत्ता भलताच."

यंत्राला तीन दारं, म्हणजे वायर खुपसायच्या तीन जागा. एक फ्रीझरकडं, एक इंटरनेटच्या जुन्या लाइनकडं. तिसरं नव्या लाइनचं. यंत्र सोयीच्या दारानं निरोप बाहेर धाडायचं आणि त्यावर त्याच दाराचा पत्ता टाकायचं. कक्षाच्या यादीत पत्ता एकच, जुन्या दाराचा. आणि नवं दार दहा दिवसांपूर्वी बसवलं होतं

सिद्धेश्वरीनं.

"मावशी, चूक माझी आहे," ती म्हणाली. "नवी लाइन मीच जोडली. यादीचं ध्यानातच आलं नाही."

वच्छलाबाईंनी तिच्याकडं टक लावून बघितलं. "मग लवकर निस्तर की."

एकच ओळ लिहायची होती : कुठल्याही दारानं जा, पत्ता जुनाच टाक.

निघाला : १.५८
पोचला : १.५८

"फ्रीझर एक, तापमान जास्त," उदयसिंह वाचत होता. "कुणी हात लावलाय का?"

"मीच धरलंय," वच्छलाबाई म्हणाल्या. पण गावाला न्यायची पिशवी उचलेनात. सेन्सर गार झाल्यावर पुन्हा मुठीत धरला. पुन्हा पोचला. सिद्धेश्वरीनं नव्या लाइनची वायर उपसून जुन्या दारानं पाठवला, तोही पोचला. उदयसिंहानं जोतिरामला फोन लावून बघितला, तो घरून निघालोच म्हणाला.

वच्छलाबाई जिन्यापर्यंत गेल्या. परत आल्या. सेन्सर मुठीत.

"मावशी," फोनमधून उदयसिंह म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात आंबटपणा नव्हता, "ऐकू येतंय मला. मी हितंच बसलोय. तुमी जावा."

वच्छलाबाई गेल्या.