काचेआडचे शंभर मणी

मी एक जुनी मणिमाळ आहे. जुनी म्हटलं तरी माझ्या अंगावर ओरखडा नाही, आणि मित्रांनो, माझं दुखणं तेच आहे. मुलांच्या हातात झिजायचं सोडून मी कोरी करकरीत म्हातारी होते आहे.

आधी मी दुसरीच्या बाईंच्या घरी दारावरचा मण्यांचा पडदा होते. बाईंनी सासूबाईंना न विचारता तो उतरवला आणि दहा लाल, दहा पांढरे असे शंभर मणी जाड दोरीत ओवायला घेतले. "भिंती तेवढ्या ठेव हो, बाकी सगळं ने शाळेत," सासूबाई म्हणाल्या, आणि मग स्वतःच चष्मा लावून गाठी मारायला बसल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला फळ्याखाली दोन खिळ्यांना ताणून बांधलं, मुलांचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिची बेरीज नेहमी एकाने कमी यायची, म्हणून पोरांनी तिचं नाव 'एककमी' पाडलं होतं. तिला मावशी सांभाळायची. मावशी शाळेत येऊन सगळ्यांसमोर सांगायची, "बाई, हिचं डोकंच चालत नाही. तुम्ही कशाला जीव काढता?" हेडसरांनी तर ठरवूनच टाकलं होतं, सहामाहीत पुन्हा घसरली तर पोरीला पहिलीत नेऊन बसवायचं.

बाई मात्र चिवट. त्यांनी तिला माझ्यापाशी आणलं. "अडतीस आणि सात किती?"

"चव्वेचाळीस."

दुसरं कुणी असतं तर फुली मारून मोकळं झालं असतं. बाई म्हणाल्या, "उत्तर राहू दे. बोट कसं चालवलंस, ते दाखव."

पोरीने माझ्या अडतिसाव्या मण्यावर बोट टेकवलं आणि म्हणाली, "एक." ती जिथे उभी होती, तोच मणी पुन्हा मोजत होती! वर्षभर तिला धांदरट म्हणणाऱ्या एकालाही हे दिसलं नव्हतं, कारण कुणी तिच्या बोटाकडे पाहिलंच नव्हतं. बाईंनी कपड्यांचा चिमटा घेतला आणि अडतिसाव्या मण्याच्या पुढच्या फटीत लावला. "इथवरचे आपल्याकडे आहेतच. आता पुढचे घे."

पोरीने दोन मणी घेतले, चाळीस झाले. आणखी पाच घेतले. "पंचेचाळीस!" ती एवढ्याने ओरडली की शेजारचा वर्ग गप्प झाला. महिनाभर ती रोज माझ्याशी खेळली. तिची बेरीज पक्की झाली. वजाबाकी तेवढी राहिली होती, ती पुढच्या आठवड्यात घ्यायची होती.

तो आठवडा आलाच नाही. तपासणीचे साहेब आले, माझ्यावर खूश झाले आणि हेडसरांच्या पाठीवर थाप मारून गेले. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच हेडसरांनी मला खिळ्यांवरून काढलं. "मुलांच्या हातात राहिली तर महिन्यात वाट लागेल," म्हणाले, आणि मला ऑफिसातल्या काचेच्या कपाटात टांगून किल्ली खिशात टाकली. खाली पाटी लावली: 'आमचा अभिनव उपक्रम'.

बाई म्हणाल्या, "सर, निदान सहामाही होईपर्यंत तरी राहू द्या."

"अहो, दुसरी करा की! तुमच्या हातात कला आहे."

दुसरी करायला बाईंना उसंत मिळाली असती तर ना! त्यांना वर्गातून उचलून गावोगाव पाठवलं, इतर शिक्षकांपुढे माझ्याविषयी भाषणं द्यायला. मुलाच्या बोटाकडे लक्ष कसं द्यावं, हे बाई परक्या सभागृहांत शिकवत होत्या, आणि इकडे त्यांच्या वर्गात बदलीचे गुरुजी पुस्तकातली उदाहरणं फळ्यावर उतरवून देत होते. याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

एककमी मधल्या सुट्टीत कपाटापाशी यायची. काचेवर बोट ठेवून माझे मणी उलटे मोजायची. बेचाळिसातून पाच काढताना ती बेचाळिसाव्या मण्यावरच "एक" म्हणायची, आणि "पाच"ला बोट जिथे थांबायचं तेच उत्तर धरायची, अडतीस. मी बघत होते, पण मला ते तिला सांगता येत नव्हतं. एकदा शिपाईमामांनी तिला हटकलं, "काचेवर डाग पाडू नकोस गं, मला पुसावे लागतात." त्यानंतर ती आली नाही.

सहामाहीत निम्मी गणितं वजाबाकीची होती. पोर नापास झाली. मावशी म्हणाली, "मी सांगतच होते." पोरीला पहिलीत बसवलं, तिच्यापेक्षा वीतभर लहान मुलांच्या रांगेत.

बाई परतल्या तेव्हा त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं, माझ्यासमोरच. खाली बसून विचारलं, "बाळा, बोट कुठून सुरू केलं होतंस?"

"बाई, मी आता मोजतच नाही," ती शांतपणे म्हणाली. "शेजारची लिहिते ते बघून लिहिते. ते बरोबर येतं."

बाई उठल्या आणि त्यांनी हेडसरांपुढे हात केला. "सर, किल्ली द्या."

"सोमवारी पाहुणे येताहेत बाई. त्यानंतर बघू."

तो सोमवार गेला. त्यानंतरचे कितीतरी गेले. मी इथेच आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणते, मला जपू नका. तुमच्या शाळेत असं कपाट असेल तर त्याची किल्ली मागा, रोज मागा. माझी दोरी तुटून मणी वर्गभर घरंगळले तरी चालेल. वेचताना तरी कुणीतरी ते मोजेल.