हसरा काळ

शिवांजलीला एका जुन्या कादंबरीच्या सचित्र आवृत्तीसाठी लाकडाच्या ठशावर ‘काळ’ कोरायचा होता. पाश्चात्त्य चित्रांत असतो तसा: पाठीला पंख, हातात विळा, असा म्हातारा. नमुना म्हणून उभं राहाल का, असं तिनं भीतभीत सासऱ्यांना विचारलं. गुळाचे व्यापारी सिद्धाप्पा घरात कधी हसत नसत. पण ते निमूटपणे पाठीला दोन सुपं बांधून, हातात विळा घेऊन स्टुलावर चढले.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात येऊन थबकलं.

“या पावणं,” सिद्धाप्पा विळा हलवत म्हणाले, “मी काळ हाय. बसा की जरा.”

गिऱ्हाईक चपला तिथंच टाकून पळालं. सिद्धाप्पा इतके हसले की सुपं थरथरली. शिवांजली पोट धरून खाली बसली.

तिनं त्यांना तसंच कोरलं.

“काळ हसतोय कशाला?” शाहूपुरीतल्या प्रकाशकानं विचारलं. तिनं सगळं सांगितलं. हसू आवरल्यावर तो म्हणाला, “असाच छापू.”