फुलीसाहेबांचा टब

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना सगळे फुलीसाहेबच म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर नुसतं साहेब.

कारखान्यात वेल्डिंगचे जोड तपासणं हे त्यांचं काम होतं. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात पांढरा खडू, आणि जोड पसंत पडला नाही की त्यावर फुली. फुली पडली की वेल्डरने जोड घासून काढायचा आणि नव्याने करायचा. तीस वर्षांत त्यांनी एवढ्या फुल्या मारल्या की एखाद्या खडूवाल्याचं घर त्यांच्यावर उभं राहिलं असावं, असं वेल्डर म्हणत. स्वतः मात्र त्यांनी वेल्डिंगची टॉर्च कधी हातात धरली नव्हती, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. नाटकाचं परीक्षण लिहिणारा काही तोंडाला रंग फासून उभा राहत नाही.

अडचण अशी की मुलगी जनावरांची डॉक्टर झाली. सोमवारी तिचा दवाखाना उघडणार होता आणि तिला कुत्र्यांना आंघोळ घालायला स्टेनलेस स्टीलचा मोठा टब हवा होता.

"बाजारात तयार मिळतो, बाबा," ती म्हणाली.

"बाजारातल्या जोडांचं मला सांगू नकोस. मी करतो."

एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण त्यांनी टिग वेल्डिंगचं यंत्र आणून मागच्या पडवीत मांडलं, आर्गॉन गॅसचा सिलिंडर भिंतीला साखळीने बांधला आणि केस कापायला गेले असताना न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "खरा जोड कसा असतो ते आता दिसेल." गल्लीत निवृत्त वेल्डरांची सात घरं होती. टब गळला असता तर तीस वर्षांच्या फुल्या एका दिवसात परत आल्या असत्या.

पहिल्याच दिवशी पडवीच्या कुंपणावर एक डोकं उगवलं. पलीकडचा मिस्त्री. साहेबांनी सर्वांत जास्त फुल्या ज्याच्या जोडांवर मारल्या, तो हा.

"पत्रा केवढा जाड आहे, साहेब?"

"एक मिलिमीटर."

"करंट चाळिसाच्या वर नेऊ नका. पातळ पत्रा आहे, रागावतो लगेच."

डोकं गेलं. साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. न विचारता सल्ला, तोही फुकट, तोही या माणसाकडून? त्यांनी क्षणभर विचार केला आणि करंट ऐंशीवर ठेवला. पत्र्याला शर्टाच्या गुंडीएवढं भोक पडलं. त्यांनी शेजारी दुसरं पाडून पाहिलं. तेही तेवढंच.

दुसऱ्या दिवशी डोकं म्हणालं, "पंखा बंद करा साहेब. वाऱ्याने आर्गॉन उडून जातो, मग जोड काळा पडतो."

पडवी भट्टीसारखी तापली होती. पंखा बंद केला की माणसाला भोवळ येणार, माणूस जळत्या टॉर्चसकट पडणार आणि मिस्त्री सर्वांत आधी धावत येणार, मदतीला. साहेबांना सगळं चित्र दिसलं. त्यांनी बैठकीतला दुसरा पंखाही आणून लावला. जोड कोळशासारखा काळा आणि स्पंजासारखा भोकाभोकांचा झाला.

तिसऱ्या दिवशी सल्ला मोठा होता. आधी बोटभर अंतरावर छोटे छोटे टाके घाला. सलग ओढत जाऊ नका, एक इथे तर एक तिथे असं उड्या मारत जा. खाली तांब्याची जाड पट्टी धरा, जास्तीची उष्णता ती पिऊन टाकते. साहेबांनी पट्टी लावली नाही आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात जोड ओढला. पत्रा रुसलेल्या मुलाच्या ओठासारखा पुढे आला, आणि हातोडीने समजूत काढूनही मागे जाईना.

हे सगळं साहेब एका वहीत लिहीत होते. बायकोने चहाचा कप ठेवता ठेवता वही वाचली.

"अहो, म्हणजे तो सांगतो त्याच्या बरोबर उलट करताय तुम्ही."

"तपासणी चालू आहे."

"पत्र्याची?"

"त्याच्या हेतूची."

"बरं. आणि कुत्र्यांनी आंघोळ वहीत करायची का?" असं म्हणून ती आत गेली.

साहेबांचा संशय हवेतला नव्हता. त्यामागे एक दुधाची टाकी होती. अठरा वर्षांपूर्वी कारखान्यात नवे मोठे साहेब आले. त्यांनी तपासणीचं रजिस्टर चाळलं आणि म्हणाले, "आठवड्याभरात एकही जोड नापास नाही? तपासता की नुसते फिरता?" त्या दुपारी जो जोड सर्वांत आधी समोर आला, त्यावर फुलीसाहेबांनी फुली मारली. जोड मिस्त्रीचा होता. चांगला होता. मिस्त्रीने टाकीच्या आत वाकून बसून तीन दिवस तो घासला आणि पुन्हा केला. घासायला घेण्याआधी त्याने फुलीकडे बघितलं, मग साहेबांकडे बघितलं. मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, हा प्रश्न साहेबांना अधूनमधून पडे, आणि उत्तर ऐकून ते कुशीवर वळत.

गुरुवारी शिलकीत मोजून एका टबापुरता पत्रा राहिला. आता उलट करायलाही पत्रा नव्हता. साहेबांनी ठरवलं की मिस्त्री म्हणतो तसंच करायचं, अक्षरशः. बिघडलं की वही घेऊन त्याच्या दारात उभं राहायचं.

करंट अडतीस. पंखे बंद. खाली तांबं. बोटभर अंतरावर टाके. टॉर्चमधली टंगस्टनची सुई कुंपणावरून सांगितली तशी पेन्सिलीच्या टोकासारखी घासलेली. मिस्त्रीने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. जोडाच्या मागच्या बाजूलाही नळीने आर्गॉन सोडा, नाहीतर ती करपून जळक्या साखरेसारखी होते. आणि जाळ विझला तरी टॉर्च लगेच उचलू नका, जोड निवेपर्यंत गॅस वाहू द्या. साहेबांनी तेही केलं. घाम नाकावरून ओघळत होता. मास्क वर केला, तर समोर फिकट सोनेरी, एकसारख्या वळ्यांचा, वीतभर लांब जोड होता.

असा जोड त्यांनी कुणाही वेल्डरचा पास केला असता. त्यांना फार अस्वस्थ वाटलं.

शनिवारी दुपारी टब उभा राहिला. पाणी भरून तासभर ठेवला, थेंब नाही. साहेबांनी वही काढून सल्ले मोजले. सहा होते, सहाही खरे. त्यांना जरा लाजच वाटली. माणूस सहज, शेजारधर्माने सांगत होता आणि आपण त्याच्या प्रत्येक वाक्याखाली सुरुंग शोधत होतो. त्यांनी आयुष्यात केली नव्हती अशी गोष्ट केली. मिस्त्रीला आत बोलावलं आणि म्हणाले, "तुम्ही तपासा."

मिस्त्रीने चष्मा पुसला. टबाभोवती दोन फेऱ्या घातल्या. जोडांवरून नुसती बोटं फिरवली. पाणी सोडायच्या नळीजवळच्या कोपऱ्यात टबाच्या पायाची पट्टी आधीच बसवलेली होती, त्यामुळे तिथली मागची बाजू दिसत नव्हती. तिथे त्याने फटीत करंगळी घातली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"हा गेला, साहेब."

"कसा गेला? पाणी थांबलंय."

"आज थांबेल. मागून करपलाय. सहा महिन्यांत गंज धरेल, वर्षात चीर जाईल. जनावरांच्या अंगावरचं मीठ, साबण, सगळं त्यातच."

साहेबांनी भिंग लावलं. काही दिसेना. करंगळी घालून पाहिली, तर त्यांच्या करंगळीला काहीच कळेना. ती खडू धरून तयार झालेली होती. परवा दवाखाना उघडायचा. टब आहे तसा दिला असता तर वर्षभर कुणाला कळलं नसतं. आणि तीस वर्षांत ते फक्त स्वतःच्या डोळ्यांना दिसलं तेवढंच मानत आले होते.

"तुमचं काय म्हणणं?" त्यांनी विचारलं.

"मी वेल्डर माणूस. तपासणारे तुम्ही."

"तरी."

"काढा," मिस्त्री म्हणाला.

साहेबांनी रविवारी सकाळी पायाची पट्टी सोडवली, ग्राइंडर लावला आणि कोपरा कापून काढला. सोन्यासारखा टब, त्याला खिडकीएवढं भगदाड. कापलेला तुकडा त्यांनी उजेडात उलटा धरला. मागची बाजू गुळगुळीत होती. पुढच्यासारखीच फिकट सोनेरी. कुठे करपलेलं नाही, कुठे टिंबाएवढंही भोक नाही.

साहेबांनी भिंग लावून तो तुकडा दोनदा पाहिला. जे सहा खरे होते त्यांच्यावर त्यांनी आठवडाभर संशय घेतला होता, आणि जो खोटा होता त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला होता. तपासनीस म्हणून ही कामगिरी काही फार अभिमानाची नव्हती.

मिस्त्री कुंपणाशी उभाच होता. बहुधा ग्राइंडर सुरू झाल्यापासून.

"जोड चांगला होता," साहेब म्हणाले.

"होता."

"मग?"

"दुधाच्या टाकीचाही होता."

साहेबांनी तुकडा बाकावर ठेवला. नाही म्हणायची सोय होती. इतक्या वर्षांनी टाकी कुठे आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

"माहीत होतं मला," ते म्हणाले.

"आता कळलं, की तेव्हाच?"

"तेव्हाच."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. वचपा काढलेल्या माणसाचा चेहरा असा असतो हे साहेबांना माहीत नव्हतं.

"मला वाटायचं, तुम्हाला दिसलं नसेल," तो म्हणाला. "बायकोलाही तेच सांगत आलो. साहेबांची नजर चुकली म्हणायचो, सगळ्यांची चुकते कधीतरी. कालही करंगळी घालताना वाटलं, तुम्हाला चूक कशी असते ते दाखवावं. चूक नव्हतीच म्हणजे."

"नव्हती. वरून विचारणा झाली होती. मला एक फुली हवी होती."

"आणि मीच सापडलो."

"तुमचा जोड पहिला समोर आला."

आतून बायकोने विचारलं, "अहो, टब झाला का? ती टेंपो पाठवतेय पाचला." साहेब "होतोय" म्हणाले, आणि त्यांनी आधी बिघडलेल्या पत्र्याच्या चांगल्या भागातून ठिगळ कापायला घेतलं.

मिस्त्री कुंपणाच्या फाटकातून आत आला. "मी धरू का?"

"धरा. पण इकडून. मला दिसाल असे."

"अजून संशय?"

"सवय आहे. एका दिवसात जात नाही."

मिस्त्रीने पंखा बंद केला आणि पत्र्याखाली तांब्याची पट्टी धरली. त्याची पकड घट्ट होती, पण एकदाही त्याने टॉर्च मागितली नाही, आणि साहेबांनी देऊ केली नाही. पाचला दहा मिनिटं कमी असताना जोड निवला. तो कालच्याएवढा देखणा नव्हता, पण पाणी थांबलं.

सोमवारी दवाखान्यात एक भलामोठा केसाळ कुत्रा त्या टबात नाखुशीने उभा होता. मुलगी बाह्या सरसावून त्याला साबण लावत होती. तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं.

"बाबा, हा कोपरा वेगळा दिसतो. ठिगळ आहे का?"

"हो. दोनदा करावा लागला."

"का?"

"तपासणीत नापास झाला."

"तुम्हीच केला असेल. स्वतःलाही सोडत नाही तुम्ही."

"मी नाही. पलीकडच्या मिस्त्रींनी केला."

"काय चुकलं होतं?"

दवाखाना बघायला आलेले गल्लीतले दोन वेल्डर दारात उभे होते, आणि त्यांचं बोलणं एकाएकी थांबलं होतं. साहेबांना ते दिसत होतं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"त्यांना पसंत पडला नाही," ते म्हणाले, आणि कुत्र्याच्या अंगावर पाणी ओतायला तांब्या उचलला.